शेवंताची चप्पल

हे मी आजवर कुणाला बोललेलं नाही. देवापुढेसुद्धा नाही — त्याला ठाऊक असेल, पण माझ्या तोंडून त्यानं ऐकलेलं नाही. तुम्हाला सांगते.

पन्नाशीतली मी म्हणजे काय तोरा होता. पलूसच्या घरात रात्री मडक्यात ज्वारीचं पीठ भिजवायचं, आंबलं की सकाळी शिजवायचं — ती माझी आंबील. बायका डबे घेऊन यायच्या. "अक्का, तुमी म्हाताऱ्या कशा होत न्हाई वो?" कुणी विचारलं, की ही बया मडक्यावर पळी वाजवून म्हणायची, "ह्यात समदं हाय." जणू धन्वंतरी हिच्याकडेच शिकवणीला होता.

धाकटी जाऊ शेवंता माझ्यासारखीच माळकरी, अंड्यालाही न शिवणारी. तिच्या तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, बी बारा कमी आहे, इंजेक्शनं घ्या. ती माझ्याकडे आली. "अक्का, सुईचं लय भ्या वाटतं. तुमच्या आंबिलीवर भागंल न्हवं?"

भागेल, म्हणाले मी.

आता खरं ते — त्याच्या आदल्याच वर्षी माझ्याही पायांना मुंग्या आल्या होत्या. रोज आंबील पीत असताना. लेकीकडे जाते म्हणून मी सांगलीला जायची आणि गुपचूप तीच इंजेक्शनं घेऊन यायची. म्हणजे मी नकळत चुकले नव्हते. मला माहीत होतं. मग का नाही बोलले? बायका हसल्या असत्या म्हणून? एवढ्याशा मडक्यासाठी?

शेवंता तांब्याभर आंबील पीत राहिली. कमी वाटतंय का गं, मी विचारायची. "व्हय की," म्हणायची. मुंग्या थांबल्या होत्या खऱ्या — पायांना काही कळेनासंच झालं होतं. गोठ्यात पडली, तेव्हा कुठे इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, गेलेलं सगळं परत यायचं नाही.

आता ती पायांकडे बघत चालते. मध्येच एक चप्पल मागे राहते, तिला पत्ता नसतो. मी मागून जाऊन ती तिच्या पायात घालते. ती माझ्या खांद्यावर हात टेकते आणि दारात आलेल्या बाईला सांगते, "अक्कांच्या आंबिलीनं एवढं तरी चालतीया मी."

मी खाली वाकलेलीच असते. वर बघत नाही.