ताराचंद टेलरची ‘मुकी वरात’

बोदलकशाच्या तलावापलीकडच्या त्या गावात ताराचंद टेंभुर्णेला बायका बरीच वर्षं ‘आमची हिरोईन’ म्हणत, आणि त्यात चेष्टा नसे. भाऊबीज झाली की गावात मंडईची जत्रा भरायची. पाहुणे यायचे, दुकानं लागायची, आणि मंडईला नाटक नसणं म्हणजे गावाचं नाक कापल्यासारखं. मोठी गावं वडश्याहून नाटक कंपन्या आणत. हे गाव आपलं नाटक आपणच उभं करी. पण गावातली एकही पोरगी स्टेजवर यायला तयार नव्हती, म्हणून १९९९च्या मंडईत नायिका झाला ताराचंद.

तो तेव्हा तिरोड्याला टेलरिंग शिकत होता. अंगावरचं पोलकं त्यानं स्वतः शिवलं होतं. नऊवारी नेसून, कपाळावर मोठं कुंकू लावून तो आला, तेव्हा समोरच्या बायकांमध्ये कुजबुज झाली आणि मग सगळं शांत झालं. दुसऱ्या अंकात नवरा त्याला घराबाहेर काढतो, तिथं बायका पदर तोंडाला लावून रडल्या.

रडला नाही तो त्याचा बाप, चुन्नीलाल. छप्पन साली स्वतःच्या बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षा घेऊन आलेला माणूस. घरी आल्यावर म्हणाला, “बाबासाहेबानं जे सोडवलं, तेच तू कपाळाले फासून राहिला. आनं तेही पटलाची सून बनून.”

नाटकातला नवरा होता धर्मेंद्र पटले. मनिराम पटलांचा मोठा मुलगा. गावातली चांगली धानाची जमीन पटलांची, आणि सरपंच कुणीही होवो, त्याचं नाव आधी पटलांच्या ओसरीवर ठरायचं. त्या ओसरीवर ताराचंदला चहा मिळे, पण तो वेगळ्या कपात. स्टेजवर मात्र पटलांचा मुलगा टेंभुर्ण्याच्या पाया पडे, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरे, आणि गाव टाळ्या वाजवी.

तालमी शाळेच्या व्हरांड्यात होत. तालमीनंतर दोघं तलावाच्या पाळीवरून घरी येत. पहिल्या वर्षी नुसते बोलत येत. दुसऱ्या वर्षी पाळीवर बसू लागले. त्यानंतर त्यांच्यात जे झालं, त्याला दोघांपैकी कुणीच कधी नाव दिलं नाही. नाव द्यायला शब्दच नव्हता. जे शब्द गावात होते ते शिव्या होत्या. धर्मेंद्र तेव्हा धीट होता. एकदा म्हणाला, “स्टेजवर तू माही बायको आहेस तं लोक टाळ्या वाजवतेत. खाली उतरलो का मंग काय होते गा?”

“खाली तुहा बाप बसला आहे,” ताराचंद म्हणाला.

२००२ साली मनिराम पटलांनी धर्मेंद्रचं लग्न लावलं. मुलगी बालाघाटकडच्या पोवारांची, प्रेमिला. दोन वर्षांनी ताराचंदचं लग्न झालं ते गोंदियाजवळच्या फुलचूरच्या अंजनाशी. विहारात, पांढऱ्या साडीत, पंचशील म्हणून. अंजना बारावी शिकलेली, बोलण्यात अर्धी हिंदी, आणि कुणाला भीक न घालणारी. ताराचंदनं मनापासून प्रयत्न केला. तिच्यासाठी पोलकी शिवली, तिला नागझिऱ्याला वाघ दाखवायला नेलं. वाघ दिसला नाही. रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपे आणि ती वाट पाहून थके.

त्याच वर्षी मंडईत तिनं त्याचं नाटक पाहिलं. बायकांमध्ये बसून, सगळ्यांसारखंच. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे भाकर थापता थापता म्हणाली, “स्टेजवर तुमी खोटं नाई करत. घरी करता.”

ताराचंदनं चुलीत लाकूड सारलं.

“मी पागल नाई. त्या धर्मेंद्रकडे पाहता तसं माझ्याकडे एकदा पाहा. बस, एकदा.”

त्याला ते जमलं नाही. ती माहेरी गेली नाही, कारण वडील वारले होते आणि भाऊ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. पुढे मुलगी झाली, खुशबू. लोकांना वाटलं, संसार लागला.

२००९च्या जुलैमध्ये तिरोड्याच्या दुकानात मशीन चालवताना टीव्हीवर दिल्लीच्या कोर्टाची बातमी ताराचंदनं पाहिली. दोन पुरुषांचं नातं हा आता गुन्हा नाही, असं बातम्या देणारी बाई सांगत होती. दुकानातला दुसरा कारागीर हसला आणि त्यानं चॅनल बदललं. ताराचंदचा पाय मशीनवर थांबला तो थांबलाच. त्याला इतके दिवस हे ठाऊकच नव्हतं की आपण गुन्हेगार होतो.

त्या पावसाळ्यापासून तो नाटक लिहू लागला. नाव ठेवलं ‘मुकी वरात’. दोन मित्र; एकाचं लग्न ठरतं, दुसरा त्याच्या वरातीत नाचतो. शेवटच्या अंकात नवरा आपल्या बायकोपुढे उभा राहून सांगतो, की मी ह्याच्यावर प्रेम करतो आणि तुझ्याशी खोटं वागलो. ताराचंदनं मित्राचं काम स्वतःसाठी लिहिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो पँटशर्ट घालून स्टेजवर येणार होता.

नाटक लिहून होईस्तोवर गावात दुसरंच नाट्य सुरू झालं. सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं. मनिराम पटलांनी विचार केला, की ताराचंदची बायको आपल्याच माणसाची बायको, म्हणाल तिथं सही करील. त्यांनी धर्मेंद्रमार्फत निरोप धाडला. अंजना उभी राहिली, निवडून आली, सरपंच झाली. पहिल्याच वर्षी मनिराम पटलांनी राइस मिलसाठी तलावाकाठची गावाची जागा मागितली. ठराव तिच्यापुढे आला. गावाचे ढिवर त्या जागेवर जाळी वाळवत. अंजनानं ठराव वाचला आणि बाजूला सारला.

“बाई, तुले खुर्चीवर कोनं बसवलं?” मनिराम पटलांनी विचारलं.

“बसवलं तुमीच,” अंजना म्हणाली. “पण बसली तं मी आहो ना.”

मनिराम पटले त्या दिवशी निघून गेले. तिला पाडायला सदस्य लागत, आणि ते सदस्य फोडायला काहीतरी निमित्त लागत होतं.

२०११च्या मंडईसाठी ताराचंदनं ‘मुकी वरात’ गावच्या नाटक मंडळापुढे वाचलं. मंडळातले एकमेकांकडे पाहू लागले. धर्मेंद्र भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “नवऱ्याचं काम मी करतो.” ताराचंद घाबरला आणि हरखलाही. तालमी सुरू झाल्या. बायकोच्या कामासाठी वडश्याहून आचल नावाची नटी आणली. बातमी मनिराम पटलांपर्यंत जाणारच होती. सगळ्यांना वाटलं, म्हातारा नाटक बंद पाडणार. त्यांनी उलट मांडव दिला, वर म्हणाले, “होऊ द्या. गावानं नवं पाहावं.”

अंजनाला ते खटकलं. ती ताराचंदला म्हणाली, “हा बुढा फुकट मांडव नाई देत. नाटक मागं घ्या.”

“लोकं बदलून राहिले, अंजना. कोर्टानं सांगितलं.”

“कोर्ट दिल्लीले आहे. आपन कुठं आहो?”

पण तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. जे आयुष्यभर कुणाला सांगता आलं नाही ते धर्मेंद्र त्याच्यासमोर, सगळ्या गावासमोर मोठ्यानं म्हणणार होता. नाटकात का होईना. ताराचंदला तेवढं पुरेसं होतं.

मंडईच्या दिवशी मांडव भरून वाहत होता. पुढच्या रांगेत सरपंच म्हणून अंजना, तिच्या मांडीवर खुशबू, आणि दोन खुर्च्या सोडून मनिराम पटले. पहिले दोन अंक लोकांनी नीट पाहिले. वरातीत ताराचंद नाचला, तिथं शिट्ट्याही पडल्या. तिसऱ्या अंकात धर्मेंद्र आचलसमोर उभा राहिला. त्याला म्हणायचं होतं, “हा माझा आहे.” तो थांबला. त्यानं समोर बापाकडे पाहिलं. मग ताराचंदकडे बोट केलं आणि म्हणाला, “हा असा आहे. नाटकात नाई, खराच. हा ताराचंद टेंभुर्णे. बारा वर्षं माह्या मागं लागला आहे. सरपंचबाईचा नवरा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो डायलॉग वाटला. मग टाळ्या एकेक करून थांबत गेल्या, तसं ताराचंदला कळलं की आता लोकांना समजतं आहे. तो पुढचं वाक्य शोधत उभा राहिला. पुढचं वाक्य त्यानंच लिहिलं होतं, पण त्याला ते आठवेना. कुणीतरी चप्पल फेकली. “ए हिरोईन, तुहं लुगडं कुठं आहे?” असं मागून कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. हेच लोक त्या लुगड्यातल्या बाईसाठी रडले होते.

अंजना उठली. खुशबूला शेजारच्या सुलोचनाबाईंच्या मांडीवर ठेवून स्टेजवर चढली आणि ताराचंदच्या बाजूला लोकांकडे तोंड करून उभी राहिली. जरा वेळानं त्याचा दंड धरून त्याला खाली घेऊन आली. घराच्या वाटेवर तो रडत म्हणाला, “तुनं मले वाचवलं.”

“तुमाले वाचवाले नाई आली,” ती म्हणाली. “लोकाईनं माझं तोंड पाहाव म्हणून आली. सगळे तुमालेच पाहून राहिले होते.”

आठवडाभरात अविश्वासाचा ठराव आला. जिच्या घरात असं चालतं ती गाव काय चालवील, असं सदस्य म्हणाले. त्यातला एक विहारातला, चुन्नीलालच्या पंगतीचा. ठराव मंजूर झाला. चुन्नीलालनं मुलाशी बोलणं सोडलं, ते मरेस्तोवर. तलावाकाठी मनिराम पटलांची राइस मिल उभी राहिली. अंजना खुशबूला घेऊन फुलचूरला गेली, एका शाळेत पोषण आहार शिजवायला लागली. जाताना ताराचंदनं तिला अडवलं नाही. अडवायला त्याच्याजवळ काय होतं?

तो तिरोड्याला एका खोलीत मशीन टाकून राहिला. गावाकडून कुणी त्याला मंडईला बोलावलं नाही. २०१३च्या डिसेंबरात टीव्हीवर पुन्हा बातमी आली, मोठ्या कोर्टानं दिल्लीचा निकाल फिरवला. समोरचा पानवाला म्हणाला, “चलो, अच्छा हुआ.” ताराचंदनं सुईत दोरा ओवला.

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी एक बाई दुकानात आली. हातात शिवायचं काही नव्हतं. पदर डोळ्यापर्यंत ओढलेला. ती प्रेमिला होती, धर्मेंद्रची बायको.

“तुमाले एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “ते नाटक अर्ध्यात राहिलं. पुढं काय होतं?”

ताराचंदला वाटलं, नवऱ्यानं पाठवलं. त्यानं तसं विचारलं.

“ते कायले पाठवतील? ते आता बोलतच नाई घरी. मिलमध्ये राहतेत, पेत राहतेत.” तिनं पदर सावरला. “ते घरी पाठ करत तेव्हा आइकलं, नवरा सांगते का मी ह्याचा आहो. मंग ते बाई काय म्हणते?”

“रडते,” ताराचंद म्हणाला.

“आनं मंग?”

“मंग पडदा पडते.”

“बारा वर्षं मी इचार करून राहिली का आपन काय म्हणावं. म्हटलं तुमी लिवलं असंन.” एवढं बोलून ती उन्हात निघून गेली.

ताराचंदनं त्या दिवशी मशीन चालवलं नाही. बाईसाठी वाक्य लिहायला बसला; बारा वर्षं तो बाई होऊन बोलला होता, आणि आता एक वाक्य येईना. जे सुचे ते नटीचं वाटे. आठ दिवस गेले. शेवटी गोंदियाची बस पकडून तो फुलचूरला गेला. अंजना दारात तांदूळ निवडत बसली होती. त्यानं उभ्या उभ्याच विचारलं, “त्या दिवशी नाटकातली बाई तू असतीस तं काय म्हटलं असतंस?”

अंजनानं सूप खाली ठेवलं.

“हे नाटकासाठी विचारून राहिले का माझ्यासाठी?”

खरं म्हणजे दोन्हीसाठी होतं, पण कुठलं आधी होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तो ते ठरवीपर्यंत तिला कळायचं ते कळलं. ती आत गेली, पाण्याचा गिलास घेऊन आली.

“ऊन आहे. पाणी पेऊन जा,” ती म्हणाली. “खुशबू शाळेतून यायच्या आधी.”

तो पाणी प्यायला आणि गेला. ‘मुकी वरात’ त्यानं पुढे कधी पुरं केलं नाही.