नणंद म्हणजे काय?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन श्रीगोंद्याला आले, तेव्हा माझ्याकडे संस्कृतची बी.ए. पदवी होती आणि ती मिरवावी कुठे, एवढाच प्रश्न होता. गोठ्यातल्या म्हशींना तिचा उपयोग नव्हता. मला बी.एड. करायचं होतं. सासूबाई म्हणायच्या, "शिकून काय, उसाला शिकवनार?" त्या घरात फक्त एकीचाच शब्द त्या मानायच्या. ती म्हणजे नगरला दिलेली माझी थोरली नणंद. ती पंचमीला येणार म्हणून मी आठ दिवस गोड बोलायची तालीम केली. आरशासमोर!

पंचमीच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका ओसरीवर जमल्या. नणंद माझ्या हातावर मेंदी काढत होती. मोठ्या कौतुकाने तिने सगळ्यांना सांगितलं, "आमची भावजय लई शिकलेली हाय. कुठल्याबी शब्दाचं मूळ सांगती. सांग गं, ननंद म्हंजे काय?"

झालं. तालीम विसरले आणि विद्वत्ता उफाळून आली.

"न नन्दति! भावजयीने कितीही केलं तरी जी खूश होत नाही, ती ननांदा. तिचीच नणंद झाली."

बायका खो-खो हसल्या. मीही हसले. मग माझ्या तळहातावरची काडी थांबलेली कळली. बी.एड. गेलंच म्हणा, पण तिचा उतरलेला चेहरा बघून मला खरोखर लाज वाटली.

"आन भावजय म्हंजे?" तिने विचारलं.

"भ्रातृजाया. म्हणजे भावाची बायको."

"म्होरं?"

"पुढे काही नाही, आक्का. एवढंच."

"तिचं सोताचं कायच न्हाई?"

"नाही," मी म्हणाले. सगळ्या शब्दांची मुळं उकरणाऱ्या मला हा शब्द कधी स्वतःला लावून बघावासा वाटला नव्हता.

तिने काडी ठेवली आणि पिशवीतून बी.एड.चा फॉर्म काढला. माझ्या नवऱ्याने तिला आधीच सांगितलं होतं म्हणे. ती सासूबाईंकडे वळली. "आई, हिला शिकू दे. हिच्या पुस्तकात मला रुसवा तरी दिलाय. हिला कायच दिलं न्हाई."

सासूबाई गप्प राहिल्या, म्हणजे हो म्हणाल्या. मी हरखून फॉर्म घ्यायला हात पुढे केला आणि त्यावर ओल्या मेंदीची पाचही बोटं उमटली.

नणंद कपाळावर हात मारून म्हणाली, "आता तूच सांग बाई, मी खूश व्हावं तरी कसं?"