अर्ध्या गोळीचा मान

मी आयुष्यात फक्त एका बाईचा हेवा केला आणि ती म्हणजे तुमची नागपूरची आजी. तोही दागिन्यांवरून नाही, रूपावरून नाही, अर्ध्या गोळीवरून.

इरा, निनाद, मोठे होऊन हे वाचाल तेव्हा तुम्हाला वाटेल, आजीचं डोकं फिरलं होतं. डोकं शाबूत होतं. बिघडलं होतं ते आतडं. माझ्या मोठ्या आतड्याला सूज होती आणि तिच्यासाठी मी कित्येक वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते. नागपूरच्या आजी त्याच गोळ्या संधिवातासाठी घेत होत्या. या गोळ्यांनी चेहरा फुगतो. तुमच्या आईबाबांच्या लग्नाचा अल्बम काढून बघा. नवरानवरीच्या दोन बाजूंना दोन पौर्णिमा उगवलेल्या दिसतील, त्या आम्ही.

पुढे आम्हा दोघींच्याही डॉक्टरांनी गोळ्या कमी करायला घेतल्या. आता ही गोळी म्हणजे वर्षानुवर्षं राहिलेला भाडेकरू. त्याला एका दिवसात बाहेर काढता येत नाही, एकेक खोली गोडीनं रिकामी करून घ्यावी लागते. माझ्या बाबतीत प्रत्येक खोलीला भांडण होई. गोळी जरा उतरवली की पोटात मुरडा, जुलाब, अन्नावरची वासना उडालेली. मग मऊ भात, ताक, मुगाचं पाणी. (मी जन्मभर शिस्तीनं वागले. माझ्या स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उंचीप्रमाणे उभे असतात. फक्त आतड्यानं माझं कधी ऐकलं नाही.)

अशात, इरा, तू येणार असल्याची बातमी आली.

पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आपल्याकडची रीत. तुमचे आईबाबा अमेरिकेत, म्हणजे तिकडे जायचा मान नागपूरचा. मला ते अगदी मान्य होतं. (नव्हतं!) मुलगा माझा, नातवंड माझं, आणि त्याला पहिलं न्हाऊ घालणार नागपूर? पण तुझ्या आईनं फोनवर न्यायाधीशासारखा निकाल दिला. इथे बाळंतिणीनं आजीचं पोट सांभाळायचं की आजीनं बाळंतिणीचं? तेव्हा दोघींपैकी जिची तब्येत आधी ताळ्यावर येईल, तिनं यावं. व्हिसे चौघांचेही तयार होते. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात उकळ्या फुटल्या. संधिवात काय, मरेपर्यंत पुरतो!

त्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला. तिकडच्या उन्हाचं आणि इकडच्या वाऱ्याचं बोलून झाल्यावर त्या अगदी सहज म्हणाल्या, "मी आता अर्ध्या गोळीवर आले हो, विहीणबाई."

मी दोनवर होते.

"अय्या, मीपण अर्ध्यावरच," मी म्हटलं.

तुमच्या आजोबांनी पेपर खाली घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "अर्धी? मग उरलेली दीड कोण, मी घेतो का?"

फोनवर मारलेली थाप फोनमध्येच राहते, असा माझा समज होता. पण पुढच्या महिन्यात पुण्यात त्यांच्या भाच्याच्या मुलाची मुंज निघाली आणि मुंजीआधी दोन-तीन दिवस हवापालटासाठी आमच्याकडे, पुण्याजवळच्या खेड्यात, रिह्याला येण्याचं त्यांनी ठरवलं. (हवापालट! मी फुगले आहे की उतरले आहे, ते बघायला येत होत्या. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.)

त्या आल्या आणि माझ्या काळजात चर्र झालं. चेहरा उतरला होता. म्हणजे वाईट अर्थानं नाही, चांगल्या अर्थानं. गालांच्या मागे चक्क कान दिसत होते! मी आत जाऊन कपाटाच्या आरशात माझे कान शोधले. डावा सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला उपमा होता. त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी बोटांनी मोडली, अर्धी बशीच्या कडेला ठेवली आणि अर्धी तीर्थासारखी तोंडात टाकली. मग माझ्याकडे पाहिलं. प्रेमानं, पण पाहिलं.

मी काय करणार? मीही एक मोडली.

माझा बेत सोपा होता. त्या आंघोळीला गेल्या की उरलेली दीड घेऊन टाकायची. पण त्या जागच्या हलेनात. विहीणबाई, तुमची बाग दाखवा. विहीणबाई, हा डोंगर कोणता. विहीणबाई, तुम्ही आत गेलात तर मीही येते. मला वाटलं, किती माया. आणि मीही पाहुणीला एकटं कसं सोडणार? त्या हॉलमध्ये तर मी हॉलमध्ये, त्या ओट्यापाशी तर मी ओट्यापाशी. त्या आंघोळ करून आल्या त्याही मी परकर वाळत घालायच्या आत! तो अख्खा दिवस, आणि रात्री शेजारशेजारच्या गाद्यांवरसुद्धा, आम्ही एकमेकींना गोंदासारख्या चिकटून होतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच सोहळा. अर्धी त्यांची, अर्धी माझी.

आणि त्या दुसऱ्या दिवशीच मी पुरणपोळीचा घाट घातला होता.

"अगं, तू तीन आठवडे मऊ भातावर आहेस," आजोबा स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले.

"विहीण घरात आणि ताटात मऊ भात? माझं पोट माझ्या ताब्यात आहे."

पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवड्या, मसालेभात. आता विहिणीच्या पंगतीचा कायदा तुम्हाला अमेरिकेत कोणी शिकवणार नाही, म्हणून सांगते. पाहुण्या विहिणीनं ताटावर हात आडवा धरला तर यजमानीणबाईंचा अपमान. आणि यजमानीणबाईंनी पाहुणीपेक्षा कमी खाल्लं तर अन्नात काहीतरी खोट आहे असा अर्थ. म्हणजे दोघींनाही माघार नाही. मी त्यांना पोळी वाढली. त्यांनी खाल्ली. मला खावी लागली. मग त्या उठल्या आणि वर तूप सोडून एक पोळी माझ्या ताटात ठेवली.

"माझ्या हातची एक. नाही म्हणायचं नाही."

"मग माझ्या हातच्या दोन अळूवड्या."

"तुम्ही घ्याल तरच."

"मी तर घेणारच आहे."

आजोबांनी केव्हाच हात धुतले होते. ते दाराशी उभे राहून, रस्त्यावरचा अपघात बघावा तसे आमच्याकडे बघत होते.

तीनच्या सुमारास माझ्या पोटात पहिली आरोळी उठली. मी अत्यंत सभ्यपणे झोपाळ्यावरून उठले आणि संडासाकडे वळले. दार आतून बंद होतं. मी परत येऊन इंग्रजी मासिक उघडलं. त्या बाहेर आल्या, म्हणाल्या, इकडचं पाणी जरा जड दिसतंय. मी म्हटलं, हो, नवख्या माणसाला लागतं, आणि आत पळाले. मी बाहेर येते तर त्या झोपाळ्यावर, हातात माझंच मासिक. उलटं धरलेलं. त्यानंतर आमच्यात संभाषण असं उरलं नाही. एक आली की एक गेली, रहाटाच्या पोहऱ्यांसारखी.

आणि टाकीतलं पाणी संपलं!

लोडशेडिंगचे दिवस होते ते. वीज संध्याकाळपर्यंत येणार नव्हती, म्हणजे पंप नाही, म्हणजे पाणी नाही. एवढ्यात कुंपणापलीकडून हौसाकाकूंची हाक आली. आपलं घर ज्यांच्या जमिनीत आहे त्या हौसाकाकू. त्यांची भातखाचरं आपल्या कुंपणाला लागूनच. आजोबा रिकामी बादली घेऊन हिंडताना त्यांना दिसले होते, आणि बाकीचं त्यांनी ओळखलं होतं.

"बाई, आमच्यात या की. हौद भरल्याला हाय."

तेव्हा तुमच्या दोन्ही आज्या, एक इंग्रजीत एम. ए. आणि एक नागपूरच्या महिला मंडळाची अध्यक्ष, खाचराच्या बांधावरून एकमेकींचा हात धरून, शक्य तितक्या भराभर आणि शक्य तितक्या जपून निघाल्या. वाटेत मला घाम फुटला, पाय लटपटायला लागले. त्यांचेही लटपटत होते. काकू अंगणात उभ्या होत्या.

"दोघी एकदमच? जेवान तरी काय केल्तं म्हनायचं?"

नागपूरला आधी आत सोडलं. (पाहुणीचा मान!) मी बाहेर दगडावर बसले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बराच वेळ गेला. मग पत्र्याच्या दारामागून क्षीण आवाज आला.

"विहीणबाई, आहात का?"

"आहे. कुठे जाणार?"

"मला फार अशक्त वाटतंय. जिवाचं काही झालं तर, म्हणून आधी एक सांगून ठेवते. मी अर्ध्यावर नाही. दोनवर आहे."

मी दगडावरून उठून दारापाशी गेले.

"मीपण," मी दाराला म्हटलं.

आतला आवाज जरा धारदार झाला. "मग दोन दिवस अर्धी का घेतलीत?"

"तुम्ही घेतलीत म्हणून."

"मी तर तुम्ही बघत होता म्हणून घेतली. तुम्ही जरा आत जाल तर बाकीची घेईन म्हणून वाट बघतेय कालपासून. तुम्ही सोडाल तर ना मला!"

हौसाकाकू मधेच म्हणाल्या, "आता बाहेर या आन् बाकीचं हितं बसून भांडा. दुसरीचा बी नंबर हाय."

आजोबांनी गाडी काढली आणि आम्हाला पौडला डॉक्टरांकडे नेलं. दोघींना शेजारशेजारच्या कॉटवर सलाइन लागलं. तरुण डॉक्टरांनी आमच्या पुण्या-नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावले, आणि मग स्टूल ओढून आमच्यामध्ये बसले.

"आजी, ही गोळी आहे, भिशी नाही," ते म्हणाले. "शेजारणीनं कमी भरली म्हणून आपणही कमी भरायची नसते. अशी मनानं तोडली तर जिवावर बेततं. पुरणपोळीचं तर मी ऐकलंच नाही असं समजतो."

आम्ही दोघींनी छताकडे बघितलं. गोळ्या पुन्हा वाढल्या. महिनोन्‌महिने उतरलेल्या पायऱ्या सोडून दोघी थेट वरच्या मजल्यावर! तुझ्या आईचे दिवस भरेपर्यंत विमानाचं नाव काढायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

मग अमेरिकेला गेलं कोण? तुमचे दोन्ही आजोबा! तुमच्या रिह्याच्या आजोबांना आयुष्यात एकच पदार्थ येत होता, माझ्या पोटामुळे शिकलेला मऊ भात. बाळंतिणीला तोच लागतो. नागपूरच्या आजोबांनी आठवडाभर उशीवर सराव करून बाळाला न्हाऊ घालायचं शिकून घेतलं होतं. इरा, तुझी पहिली आंघोळ त्यांनी घातली.

नागपूरच्या आजी मुंजीला गेल्याच नाहीत. तीन महिने माझ्याकडे राहिल्या. सकाळी आम्ही समोरासमोर बसून डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या गोळ्या घ्यायचो आणि शाळेतल्या मुलींसारखी एकमेकींना जीभ काढून दाखवायचो. दुपारी मऊ भात. रविवारी फोन यायचा. "ही माझ्याच खांद्यावर झोपते, दुसऱ्या कोणाकडे जातच नाही," असं तुमचे रिह्याचे आजोबा म्हणाले, की आम्ही दोघी रिसीव्हरला कान लावून दातओठ खायचो.

आता आम्हा दोघींच्या गोळ्या सुटल्या आहेत. माझी आधी सुटली, हे तुमच्या आईला माहीत असू द्या. नागपूरच्या आजी म्हणतात, दोघींनी मिळून हेवा केला की तो निम्मा होतो. असेल. मी मात्र तुमच्या आजोबांचा अजून पुरताच करते. अर्ध्या डोसावर माझा विश्वास राहिलेला नाही!