गादीकाकांचा प्रश्न

व्यायामशाळेत मुली जिम्नॅस्टिक्सच्या उंच बारवर चढल्या की खाली गादीवर उभं राहायचं आणि पडणारीला झेलायचं, हे त्यांचं काम. म्हणून सगळ्या मुली त्यांना गादीकाका म्हणायच्या. सकाळी ते शिलाई मशीन दुरुस्त करत, संध्याकाळी इथे येत. बोलणं जेवढ्यास तेवढं, आणि चेहरा असा, की आत्ताच कुणी वाईट बातमी सांगून गेलंय. माझी लेक तिथे शिकायला लागली तेव्हा मला ते मुळीच आवडले नव्हते.

त्यातून त्यांची ती पद्धत. बारला हात लावण्याआधी प्रत्येकीला विचारायचे, "भीती कुठे आहे?" पोटात, गुडघ्यात, काहीही सांगितलेलं चालायचं. "भीती नाही" म्हणणारीला मात्र सरळ बाकावर बसवायचे. पोरींना धीर द्यायचा सोडून हा गृहस्थ नसती भुतं उठवत बसतो, असं मी नवऱ्याला सांगितलंही. मग एकदा काकांनीच सांगितलं. त्यांच्या गुरूंपुढे भीती हा शब्द काढायची सोय नव्हती. लहानपणी, हातपाय गळाले असतानाही "नाही घाबरत" म्हणत ते बारवर चढले आणि मानेवर पडले. वर्षभर अंथरुणावर होते. ते ऐकल्यावर माझी तक्रार संपली.

यंदा माझी लेक पडली. वरचा बार सोडायचा, हवेत वळायचं आणि तोच बार पुन्हा धरायचा, अशी तिची उडी. हात निसटला. काकांनी झेललं, पण अर्धवटच. तिचं डोकं लोखंडी खांबाच्या अगदी जवळून गेलं. मी वर गॅलरीत होते, आणि ती खाली आदळल्याचा आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही.

लेकीला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून बार सोडायची वेळ आली की तिची बोटं उघडत नसत. काकांनी विचारलं की सांगायची, "बोटांत आहे." ते मान हलवायचे आणि तिला बुटक्या बारवर न्यायचे. रागावले नाहीत, घाईही केली नाही. हळूहळू बोटं उघडायला लागली, मग वरच्या बारवरही. मात्र दर वेळी काकांचा हात तिच्या पाठीशी असायचा. स्पर्धा जवळ आली होती, आणि तिथे तसा हात लावता येत नाही. पडलीच तर झेलायचं, एवढंच. त्या विचाराने माझी झोप उडाली होती.

स्पर्धेच्या दिवशी मी खाली, गादीजवळचा कठडा धरून उभी होते. समोरच काकांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला.

"बोटांत," ती म्हणाली. "आणि तुमची?"

"मला कसली भीती?"

"मग बाकावर बसा, काका."

ती थट्टा करत नव्हती. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मनात म्हटलं, काहीही सांगा हो, पण आत्ता खरं बोलू नका.

काकांनी दोन्ही हात पुढे केले. "इथे आहे. त्या दिवशी तू माझ्या हातातून निसटलीस. पुन्हा तसं झालं तर मला धरता येणार नाही, अशी भीती वाटते."

ज्याच्या भरवशावर पोरीला वर पाठवायची, तोच असं बोलतोय. तिला सरळ घरी न्यावं म्हणून मी पुढे झाले. तेवढ्यात लेकीने लांब श्वास सोडला. "मग ठीक आहे," म्हणाली, तळहातांना खडूची पूड चोळली आणि गेली.

तिने बार सोडला आणि ती हवेत वळली.

तिने बार धरला. दोन्ही हातांनी.

ती खाली उतरली, टाळ्या वाजल्या. गादीकाका मात्र हात पसरून तसेच उभे होते, डोळे वर रिकाम्या बारकडे. लेकीने हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. शेवटी तिनेच त्यांचे दोन्ही हात धरून खाली केले.