हाताची पारख

पापलेट ताजे आहे की दोन दिवस बर्फात ठेवलेले, हे डोळ्यांना विचारू नये, बोटांना विचारावे, असे वेणूला तिच्या सासूने शिकवले होते. सासूमागे डहाणू रोडच्या मासळी बाजारातील तिची बसायची जागाही वेणूकडेच आली. बर्फ आणि पाणी मिळून माशाचे रूप दिवसभर टिकवून धरतात. बोट मात्र फसत नाही. मांस दाबताच वर उसळले तर मासा ताजा. खळगा तसाच राहिला तर तो पाटीत घ्यायचा नाही. वेणूचा भाव इतरांपेक्षा चढा असे, तरीही मसोली गावापर्यंतची गिऱ्हाइके तिच्याकडेच येत, ती या पारखीमुळे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले, तेव्हा तिच्या आजाराचा सुगावा लागला. पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. पुढच्या तपासण्या मुंबईच्या रुग्णालयात झाल्या. निदान ऐकताना सोबत मुलगा जतीन होता. शाळेत शिकलेले आठवून त्याने विचारले, "पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचं सैन्यच ना, मॅडम? मग वाढल्या तर चांगलंच की."

"सैन्य वाढलंय, पण लढणारं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या पेशींनी रोगजंतूंविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करायला हवीत. त्या ती करत नाहीत, आणि करणाऱ्या पेशींची जागा मात्र अडवून बसतात."

वेणू म्हणाली, "म्हणजे जाळं जड लागतं, आणि वर ओढून बघावं तर नुसते जेलीफिश."

"अगदी तसंच, मावशी."

तो रक्ताचा कर्करोग होता, पण सावकाश वाढणारा. लगेच औषध नको, दर तीन महिन्यांनी रक्त तपासू, असे ठरले. वेणूला ते पटेना. "कॅन्सर म्हणता आणि एक गोळी देत नाही?"

"गोळीची वेळ आली की देऊ. तोवर तुम्ही जपायचं. उघड्या हातानं मासळी हाताळायची नाही. काटा लागला तर तो इतरांसाठी नुसता काटा. तुमच्या रक्तात त्याच्यातल्या जंतूंशी लढायला कोणी नाही."

वेणूने मान हलवली, आणि घरी आल्यावर जतीनला व सून रुपलला बजावले की यातला एक शब्दही बाजारात जाता कामा नये. खाण्याच्या वस्तूवर जिचा हात फिरतो, तिला रोग आहे म्हटले की गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे वळते, हे तिने पाहिले होते.

हातमोजे घालून ती बसली, त्या दिवशी शेजारच्या जागेवरची जमना कोयती थांबवून म्हणाली, "काय ग, ऑपरेशन करायला बसलीस का पापलेटाचं?" सगळी ओळ हसली. ते वेणूने सोसले असते. पण रबराआडून बोटांना काही कळेना. तिने विकलेली सुरमई दुसऱ्या दिवशी मसोलीच्या जयवंतीबाई परत घेऊन आल्या आणि शिळी निघाली म्हणून तिच्यासमोर ठेवून गेल्या. असे तिच्या जागेवर कधीच घडले नव्हते. हातमोजे त्याच दिवशी सुटले.

पुढे शिंगाळा माशाचा काटा तळहातात घुसला. असे काटे तिला जन्मभर लागत आले होते. हळद दाबून ती काम करत राहिली. सकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला आणि तिला रुग्णालयात ठेवावे लागले. रक्तातील प्रतिद्रव्ये फारच कमी भरली. ती शिरेतून द्यावी लागली. "या वेळी हात वाचला," एवढेच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती परतली तेव्हा जागेवर रुपल बसत होती. रुपल उंबरगावकडची, होडीवाल्यांच्या घरातली, पण बाजारात कधी न बसलेली. वेणू तिच्यामागे स्टुलावर, हात पदराखाली घेऊन बसू लागली.

"सून कामाला आणि राणीसाहेब सिंहासनावर," जमना म्हणाली.

तेवढ्यात जयवंतीबाई आल्या. रुपलने दोन पापलेटे पुढे केली. त्या म्हणाल्या, "वेणू, तू हात लाव. हिच्या हाताचं मला काय ठाऊक?"

वेणूचा हात पदराबाहेर आला. रुपलने मागे वळून कोपराने तो अडवला. "आई, नको."

हात लावावा, तर पुन्हा ते दुखणे. न लावावा, तर सासूपासून चालत आलेली ही जागा आजच मोडली. वेणूने हात पुन्हा पदराखाली घेतला. मग जमनालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला रक्ताचा कॅन्सर आहे, बाई. कोणाला लागणारा रोग नाही. पण मासळीचा काटा लागला की माझा जीव जायचा. माझा हात आता बंद. रुपल, तू दाब. मला नको सांगू, बाईंना सांग."

रुपलने पहिले पापलेट दाबले. "हे चांगलं आहे." दुसऱ्यावर तिचे बोट रेंगाळले. "आई, हे तर सकाळी बंदरावर तुम्हीच निवडलं ना?"

"मी काय निवडलं ते विचारू नकोस. बोट काय म्हणतं?"

"मऊ आहे. हे नका घेऊ, बाई."

लिलावात वेणूने ते नुसत्या नजरेने उचलले होते. तिने मान खाली घातली. जयवंतीबाईंनी पहिले घेतले आणि त्या गेल्या.

जमनाने कोयती बाजूला ठेवली. "आधी सांगायचंस ना ग. मी आपली तोंड वाजवत बसले."

"तू कधी नाही वाजवलंस?"

पुढच्या तपासणीत पेशींचा आकडा थोडा वरच सरकलेला होता; औषध अजून नको, असेच ठरले. मधल्या काळात ताप मात्र आला नव्हता. बाजारात काही गिऱ्हाइके तुटली, हे खरे, बरीचशी टिकली. एका सकाळी जयवंतीबाई आल्या, रुपलसमोर वाकल्या, "आज काय सांगतेस?" असे तिला विचारू लागल्या, आणि त्यांनी मागच्या स्टुलाकडे पाहिलेसुद्धा नाही. वेणूला ते बोचले. तिने तोंड उघडले होते, ते मिटले, आणि रुपलला कोपर हलवायला मोकळीक मिळावी म्हणून स्टूल हातभर मागे घेतले.