माझा भाऊ घेत होता, विकत नव्हता

"पहले तू पी," तो माणूस म्हणाला.

माझे बाबा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. प्रिन्सिपॉलांची खोली. एसीचा गारवा. तीन मुलांचे वडील समोरच्या खुर्च्यांवर बसलेले. चौथ्या मुलाचे वडील म्हणजे माझे बाबा. ते त्या कॉलेजात शिपाई होते, म्हणून ते उभे होते. आणि चहा आणायची पाळीही त्यांचीच होती.

बोलणारा माणूस बिल्डर होता. बाबांना नीट ऐकू आलं नाही असं समजून तो परत म्हणाला, "बेटा मिलाता, बाप भी मिलाता होंगा. पहले तू पी के बता."

बाकीच्या दोघांपैकी एक जण हसला. प्रिन्सिपॉल समोरची फाईल चाळत राहिले.

बाबांनी एक कप उचलला आणि प्याले. उभ्याउभ्या, एका दमात, कढत. मग रिकामा कप ट्रेच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला. बिल्डरने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि मग आपला कप घेतला.

हे सगळं मी दारात उभी राहून बघितलं. मी एकोणीस वर्षांची होते. त्याच कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला.

आमचं गाव उदगीरकडचं. गावात आमच्या हातचा चहा कुणी पीत नसे. आम्हाला कप वेगळा, तोही गोठ्याच्या वळचणीला ठेवलेला. हैदराबादला आल्यावर बाबा साहेबलोकांना चहा द्यायला लागले आणि साहेबलोक तो पिऊ लागले. बाबांना त्याचंच फार अप्रूप. शहर मोठं आहे, इथं कुणी विचारत नाही, असं ते गावाकडच्यांना सांगायचे. वीस वर्षं सांगत आले होते.

मला बोलावलं होतं ते एक कागद वाचून दाखवायला. कागद इंग्रजीत होता आणि बाबांना इंग्रजी येत नव्हतं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी दुपारी कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे चार मुलं सुई घेत होती. त्यातला बिल्डरचा मुलगा बेशुद्ध पडला. दोघे पळाले. चौथा पळाला नाही. त्याने त्या मुलाला पाठीवर घेऊन तीन जिने उतरवलं, नामपल्लीच्या रस्त्यावर रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं. तिथं त्याच्या स्वतःच्या हातावरच्या खुणा डॉक्टरला दिसल्या आणि कॉलेजात कळलं. तो चौथा माझा दादा. पळाला असता तर कुणाला कळलंही नसतं.

कागद बाबांच्या वतीने लिहिलेला होता: माझ्या मुलाने बाहेरून औषधं आणली, इतर विद्यार्थ्यांना विकली आणि त्यांना नादाला लावलं. खाली बाबांची सही, दादाची सही. सही झाली की पोलिसांत जायचं नाही. दादाचं नाव कॉलेजातून काढून टाकायचं. बाबांची नोकरी राहील. बाकी तिघांची नावं कुठेच नव्हती.

मी एकेक ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. माझ्या भावाला गुन्हेगार म्हणणारी वाक्यं मी माझ्या तोंडाने माझ्या बापाला समजावून दिली. कुठे अडले नाही. इंग्रजी चांगलं आहे म्हणून प्रिन्सिपॉल माझ्याकडे बघून मान हलवत होते. आणि मला, खरं सांगते, त्याही वेळी बरं वाटलं.

उद्या अकरा वाजता दोन्ही सह्या घेऊन या, असं त्यांनी सांगितलं.

आम्ही घरी आलो. चिक्कडपल्लीत बाजारामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. आई साडीला फॉल लावत बसली होती. दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाबांनी पट्टा काढला. आई मध्ये पडली, तिलाही बसला. दादा ओरडला नाही, हातही वर केला नाही. मार थांबल्यावर बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि मी आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावली. कुणी सांगितलं नव्हतं. कडी मी लावली.

मग दाराला तोंड लावून मी त्याला म्हटलं, "काल तूच का नाही मेलास?"

हे वाक्य मी खोडू शकत नाही. म्हणून लिहून ठेवते.

ते दिवस विचित्र होते. गल्लीगल्लीत कम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. घरोघरी केबल आली होती. ज्याच्या त्याच्या तोंडी अमेरिका. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही तो मुलगा वाया गेला, असं सरळ बोलायचे लोक, त्या मुलासमोरच. दादाचा नंबर दोनदा हुकला होता. मग बाबांनी साहेबांच्या हातापाया पडून त्याला आपल्याच कॉलेजात घातलं. तिथं मोटरसायकलवाली मुलं त्याला नावाने हाक मारत नसत. 'प्यून का बेटा', शिपायाचा पोरगा, म्हणायची. मलाही म्हणायची, पण मी मुलींच्या बाकावर खाली मान घालून बसायचे. त्याला ते जमलं नाही.

आम्हाला काही दिसलंच नाही असं नाही. ऐन एप्रिलात तो लांब बाह्यांचा शर्ट घालायचा. जेवण निम्म्यावर आलं होतं. दिवसा झोपायचा, हाक मारली की दचकायचा. आई म्हणायची, अभ्यासाचा ताण आहे. मीही तेच धरून चालले, कारण ते सोपं होतं.

संध्याकाळपर्यंत आतून आवाज यायला लागले. उलटीचे, मग पाय भिंतीवर आपटल्याचे. मग तो आईला हाक मारू लागला. लहानपणी मारायचा तशी. आई दाराशी बसून रडत होती आणि बाबा ओट्यावरून सांगत होते, कडी काढायची नाही. होऊ दे एकदाचं. निघून जाऊ दे अंगातलं.

आमच्या समोर सालेहा आपा राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स. आईशी त्यांचं बोलणं फॉल-पिकोपुरतं. त्या डबा हातात घेऊन ड्युटीवरून परतत होत्या, आवाज ऐकून थांबल्या. काय झालं ते आईने सांगितलं नाही. पोराला ताप आहे म्हणाली. आपांनी तिच्याकडे बघितलं, कडीकडे बघितलं आणि कडी काढली. बाबा उठून उभे राहिले, पण परक्या बाईला अडवणार कसे?

खोलीत वास होता. दादा घामाने भिजलेला, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. कालपासून त्याला सगळ्यांनी प्रश्न विचारले होते. प्रिन्सिपॉलांनी विचारलं कुणाकडून आणलंस. बाबांनी विचारलं कधीपासून. मी विचारलं काल का नाही मेलास. आपा त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "कां दुखरा बेटा?"

कुठं दुखतंय. एवढंच. दादा रडायला लागला तो कितीतरी वेळ थांबेना. पायात दुखतंय म्हणाला. हाडात दुखतंय. सगळीकडे दुखतंय.

आपांनी ओला कपडा मागितला, पाणी मागितलं. घोट घोट पाजायला सांगितलं. बाहेर येऊन त्या बाबांशी बोलल्या, आवाज न चढवता. हा आजार आहे, म्हणाल्या. मारून उतरत नाही, कोंडून उतरत नाही. कोंडलेली पोरं कधी कधी गळफास घेतात, मी वॉर्डात बघितलीत. सकाळी आठला दवाखान्यात आणा, डॉक्टर औषध देतील, त्रास कमी होईल. आणि एवढ्याने संपणार नाही, परत घेईल, परत आणावं लागेल. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झूठ बोलेगा. बोलने दो. दरवाजा खुल्ला रखो. घर कू आना बंद नै होना."

बाबा परत ओट्यावर जाऊन बसले. कडी परत कुणी लावली नाही.

मी दादाजवळ बसले. त्याचे पाय चेपत राहिले. मग तोच बोलला. वर्ष झालं म्हणाला. आधी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, मग गोळ्या, मग हे. माल बिल्डरचा मुलगा आणायचा, त्याच्या मामाचं मेडिकल होतं. "मी घेत होतो," तो म्हणाला. "विकत नव्हतो."

का घेत होतास, हे मी पहिल्यांदाच उत्तर ऐकायचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तिथं टाकीमागं सगळे सारखेच पडायचो. कुणी कुणाचा बेटा नसायचा."

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मी त्याच कॉलेजात तीच हाक ऐकत होते. मी इंग्रजी पाठ केलं, त्याने सुई घेतली. आम्ही दोघं एकाच गोष्टीपासून पळत होतो. माझं पळणं लोकांना आवडलं, एवढाच फरक.

मी वहीचं पान फाडलं आणि दुसरा कागद लिहिला. इंग्रजीतच, आणि पहिल्यांदाच ते इंग्रजी माझ्या कामाला आलं.

सकाळी आई आणि दादा आपांबरोबर दवाखान्यात गेले. मी आणि बाबा बसने नामपल्लीला. बसमध्ये मी त्यांना कागद वाचून दाखवला, वाक्यावाक्याला मराठीत सांगत. ते खिडकीबाहेर बघत होते. "नोकरी जाईल," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, जाईल. सुलतान बाजार मागे पडला, एक स्टॉप गेला, दुसरा गेला. मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. मराठीत, पूर्ण नाव, आडनावासकट. बस हलत होती म्हणून अक्षरं वाकडी आली.

प्रिन्सिपॉलांच्या खोलीत बिल्डर होताच. मी कागद टेबलावर ठेवला. त्यात लिहिलं होतं: माझा मुलगा नशा करत होता. तो आजारी आहे, त्याच्यावर उपचार चालू आहेत. त्याने काही विकलं नाही. बेशुद्ध मुलाला दवाखान्यात त्यानेच नेलं. गच्चीवर चौघे होते, चौघांनाही उपचार हवेत. खाली चौघांची नावं.

प्रिन्सिपॉलांनी वाचलं. खिशातून लाल पेन काढलं आणि एका शब्दाला गोल केला. स्पेलिंग चुकलं आहे, म्हणाले.

मी म्हटलं, "स्पेलिंग चुकलं असेल, सर. बाकी काही चुकलेलं नाही."

बिल्डर उठून उभा राहिला. पोलिसांत देईन म्हणाला. मी म्हटलं द्या, हाच कागद आम्ही तिथंही देऊ, मेडिकलचा पत्ताही देऊ.  प्रिन्सिपॉलांनी मला सोडून बाबांना विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. वीस वर्षांत त्या खोलीत बाबांना कुणी म्हणणं विचारलं नव्हतं. बाबा म्हणाले, "बच्ची पढ के सुनाई साब. वोइच सच है."

पोलिसांत कुणीच गेलं नाही. दादाचं नाव कॉलेजातून काढलं. बाकी तिघांची राहिली. बाबांना ऑफिसातून काढून गेटवर बसवलं, पुढे परीक्षा संपल्यावर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. माझी फी माफी बंद झाली. मी बाहेरून परीक्षा दिली. आईच्या मशीनवर आम्ही जगलो.

आणि दादा? आपा म्हणाल्या होत्या तसंच झालं. चार महिने नीट होता, मग परत घेतली. खोटं बोलला. आईच्या पाकिटाला हात लावला. दोन दिवस घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभा होता. दार उघडंच होतं. आम्ही त्याला जेवायला वाढलं आणि परत दवाखान्यात नेलं. असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला बाबा स्वतः गेले, वॉर्डात त्याच्या खाटेशेजारी बसून राहिले. पट्ट्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी पट्टा वापरला नाही.

काही वर्षांनी कळलं की बिल्डरच्या मुलाला बंगल्यातल्या वरच्या खोलीत कोंडून ठेवत. लोक विचारायचे तेव्हा परदेशात आहे सांगत. कोंडलेल्या खोलीतच तो गेला. हे ऐकून मला आनंद झाला नाही. त्या कागदात त्याचंही नाव होतं. चौघांनाही उपचार हवेत, असं मी लिहिलं होतं.

आता लोक मला विचारतात, तुझ्या भावाचं सुटलं का. विचारताना आवाज खाली आणतात. सुटलं म्हटलं तर शाबासकी द्यायला तयार, नाही म्हटलं तर उठून जायला तयार. मी दोन्ही उत्तरं देत नाही. तो आमचा असायला त्याचं सुटणं ही अट नाही. ज्याला उत्तर हवं असेल त्याने त्याच्याशेजारी बसावं, त्याला कुठं दुखतंय ते विचारावं आणि ऐकून घ्यावं. ज्याला तेवढं जमत नाही त्याला माझ्या भावाबद्दल काहीही कळणार नाही. मी कळू देणार नाही.