अक्काच्या वाटचे घास

सावद्यात, केळीच्या बागेशेजारी सारा जन्म काढूनही अक्का केळे खात नसे. घड उतरले की ती त्यांवरून हात फिरवी, पिकायला घाली, आळीत वाटी. पण स्वतः एखादे सोलून तोंडात घातल्याचे कोणाला आठवत नव्हते. नवखा पाहुणा आग्रह करू लागला तर हसून म्हणे, "माह्या वाटचं देव खाते."

अक्का माझी थोरली बहीण. अजाण वयात वैधव्य येऊन ती माहेरी परतली, आणि पुढे आई गेल्यावर मला तिनेच वाढवले. आमच्याकडच्या बायकांचा नवस देवाला काही वाहण्याचा क्वचितच असे. वाहायला त्यांच्यापाशी स्वतःचे असे होते तरी काय? म्हणून त्या आपल्या ताटातले काही जन्मभरासाठी सोडीत, आणि तेही आवडते. मला गोवर आला तेव्हा अक्काने केळे सोडले. विषमज्वराने मी अंथरुणाला खिळलो तेव्हा दूध सोडले. मी जळगावी परीक्षेला बसलो तेव्हा तुरीची डाळ सोडली.

पास झाल्यावर मोठ्या ऐटीत पेढे घेऊन मी घरी आलो. तिने पेढा कपाळाला लावला आणि शेजारच्या म्हातारीच्या हातावर ठेवला. पेढा दुधाचा असतो, हे तिला आठवले, मला नाही.

"अशानं एक दिवस भाकरसुद्धा सोडशील, अक्का," मी थट्टा केली.

"भाकर तुह्या लेकरासाठी राखून ठेवली हाये," ती म्हणाली. आम्ही दोघेही खूप हसलो.

पुढे मी जळगावात शिक्षक झालो, संसारात पडलो. माझा थोरला मुलगा घटसर्पाने घाबरा झाला आणि वाचला. त्यानंतर सुटीत सावद्याला गेलो, तर अक्का दिवेलागणीला सर्वांना वाढून नुसती बसून राहिली. विचारले तेव्हा एवढेच म्हणाली, "पोरगं खेयते ना आता? मंग झालं." रात्रीची भाकर गेली होती. मला गलबलून आले, हे खरे. परंतु त्याहून अधिक अभिमान वाटला, हेही तितकेच खरे. अशी बहीण कोणाला मिळते, असे मी चारचौघांत सांगत असे. मात्र तिच्या ताटात काय उरले आहे, हे कधी वाकून पाहिले नाही.

साठी उलटल्यावर अक्का झपाट्याने वाळली. पाठीला बाक आला. पायाला झालेली विळ्याची जखम भरून येईना. एके दिवशी उंबऱ्यात पडली आणि हाड मोडले. मी तिला जळगावी आणले. डॉक्टरांनी तिला तपासले आणि मला बाजूला घेतले.

"मास्तर, यांना रोग नाही. ही उपासमार आहे. उतारवयात अंगाला तरुणांइतकंच पोषण लागतं. दूध द्या, डाळीचं वरण द्या. दात नाहीत, तर केळं कुस्करून द्या. आणि रात्री उपाशी निजवू नका."

ते औषध सांगत होते. मला मात्र माझ्या घरातली सारी दुखणी कोणी ओळीने वाचून दाखवीत आहे असे वाटले.

मी देवळातल्या गुरुजींना विचारून आलो. ज्याच्यासाठी सोडले त्याने देवापुढे नारळ फोडून आपल्या हाताने भरवावे, म्हणजे नवस सुटतो, असे ते म्हणाले. नारळ फोडला. दुधात केळे कुस्करून वाटी घेऊन तिच्या खाटेशी बसलो. तिने ओठ घट्ट मिटले.

"अक्का, सुटला नवस. आता खा."

"देवाले दिलेलं परत घेऊ? अन् त्यानंबी त्याचं परत मागलं तर?"

"काय मागेल?"

"तुले."

"मागू दे. पन्नाशीला आलो मी."

"पन्नाशी आली, पण अक्कल नाही आली!" त्या क्षीण आवाजातही दटावणी होती. मग तिने हात पुढे केला. "आन ती वाटी इकडे."

ती नमली असे वाटून मी वाटी दिली. तिने बोटांनी एक घास घेतला आणि माझ्या ओठांपाशी आणला.

"तू खा. मी पाह्यते."

मी तोंड उघडले. नाही म्हणायला हवे होते. पण तिच्या हाताला नाही म्हणण्याची सवय मला कधी लागलीच नव्हती. वाटी रिकामी होईपर्यंत ती भरवीत राहिली, आणि शेवटी पदराने तिने स्वतःचे तोंड पुसले.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिली नाही.

परवा शाळेतले एक तरुण सहकारी कौतुकाने म्हणाले, "या वयातही काय प्रकृती ठेवली आहे, मास्तर! खाता तरी काय?" मी मान खाली घालून चालू लागलो. उत्तर मला ठाऊक आहे: अक्काच्या वाटचे. ते अजून कोणापुढे उच्चारता आलेले नाही.